नीतत्थ आणि नेय्यत्थ : ग्रंथ कसा वाचावा?

वर्षावासात विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करण्याची प्रथा आता वऱ्हाडात चांगलीच रुजली आहे. आषाढ पौर्णिमेस ग्रंथ उघडावयाचा आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत तो पुरा करावयाचा, असा हा परिपाठ. अकोल्यातील एका विहारात अशाच वाचनास आम्ही उपस्थित होतो. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा भाग चालू होता. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात उद्भवलेला कलह, शाक्य संघातील सिद्धार्थाचा युद्धास विरोध, आणि त्यातून त्याने स्वीकारलेली परिव्रज्या, हे सारे वाचून झाले. तेव्हा महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा उभा राहिला. त्याने विचारले की, शाळेच्या पुस्तकात तर म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला असे दिले आहे. मग खरे काय मानावयाचे?

ग्रंथवाचन करणारे वृद्ध उपासक म्हणाले, “बाबासाहेबायनं लिवलं ना, मंग झालं! वाच बापू समोर.”

मुलगा खाली बसला. वाचन पुढे सुरू झाले. परंतु मुलाचे समाधान झाले नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. आणि आमचेही झाले नव्हते. वृद्ध उपासकांची निष्ठा निर्विवाद होती. तथापि ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते खरे, हे उत्तर ज्या ग्रंथाच्या बाबतीत दिले जात होते, त्याच ग्रंथाने असल्या उत्तरास नकार दिलेला आहे. ही विसंगती आम्हांस अस्वस्थ करून गेली. प्रस्तुत लेखाचा उगम तेथे आहे.

काही दिवसांनी अमरावतीस आमच्या परिचयाच्या एका निवृत्त ख्रिस्ती शिक्षकांशी बोलताना हा प्रसंग निघाला. ते हसून म्हणाले, “सर, हे भांडण आमच्याकडे सतराशे वर्षे चालू आहे. तुमचे तर आता कुठे सुरू होत आहे.”

वऱ्हाडास बायबल नवे नाही. अकोला हे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनचे केंद्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होते. यवतमाळ येथे १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली आणि १९८३ साली पुण्यास हलेपर्यंत देशभरातील धर्मोपदेशक तेथे बायबलचे अध्ययन करीत. आपल्याच वस्त्यांतील काही कुटुंबे त्या धर्मात गेली. तेव्हा बायबल कसे वाचावे या वादाकडे परक्यांचा वाद म्हणून पाहण्याचे कारण नाही.

सामान्य समजूत अशी की, पूर्वीचे भाविक बायबल अक्षरशः खरे मानीत आणि विज्ञान आल्यावर सुशिक्षितांनी त्यातून अर्थ काढण्याची पळवाट शोधली. इतिहास याला दुजोरा देत नाही. तिसऱ्या शतकातील ओरिगेन या ख्रिस्ती पंडितानेच असा प्रश्न केला होता की, ‘उत्पत्ति’च्या पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला असेल, तर त्यापूर्वीच्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशी झाली? ही वचने रूपकात्मक मानली पाहिजेत, हे त्याचे मत होते. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन याने ‘उत्पत्ति’च्या अक्षरार्थावर एक मोठा ग्रंथ लिहिला, परंतु त्यातही सृष्टीचे सहा दिवस म्हणजे आपले नेहमीचे दिवस, असे त्याने मानले नाही. उलट, धर्मग्रंथाच्या नावाने ग्रहताऱ्यांविषयी अज्ञान प्रकट करणारे लोक आपल्या धर्माचे हसे करतात, अशी तक्रार त्याने केली आहे. आधुनिक अक्षरार्थवाद हा बऱ्याच अंशी आधुनिकच आहे. बायबलमध्ये कोणत्याही बाबतीत चूक संभवत नाही, ही भूमिका मांडणारे शिकागोचे प्रसिद्ध निवेदन १९७८ सालचे आहे. १९२५ साली अमेरिकेतील डेटन गावी उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल स्कोप्स नावाच्या शिक्षकावर खटला झाला. त्यात अक्षरार्थाचा कैवार घेणारे ब्रायन हे साक्षीस उभे राहिले असता, सृष्टीचे दिवस चोवीस तासांचेच होते असे नाही, हे त्यांना स्वतःच मान्य करावे लागले.

तथापि या इतिहासातील एक प्रसंग आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. जॉन कोलेन्सो हा दक्षिण आफ्रिकेतील नाताळ येथील बिशप. मूळचा गणिताचा अध्यापक. तो झुलू भाषेत बायबलचे भाषांतर करीत होता. नोहाच्या जलप्रलयाची कथा भाषांतरित होत असता त्याचा झुलू सहकारी विल्यम न्गिदी याने त्याला सरळ विचारले की, उष्ण प्रदेशातील आणि थंड प्रदेशातील सारे पशुपक्षी खरोखरच जोडीजोडीने येऊन एका तारवात शिरले, यावर तुमचा विश्वास आहे काय? आपला विश्वास नाही, हे कोलेन्सोस मनोमन ठाऊक होते. एका नवदीक्षिताशी, तेही धर्माच्या नावाने, खोटे बोलावे हे त्याच्या मनास पटेना. त्याने पंचग्रंथाची गणिती छाननी सुरू केली आणि १८६२ पासून ती प्रसिद्ध केली. धर्मपीठाने त्याला पाखंडी ठरवून पदच्युत केले. पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ती पदच्युती रद्द ठरविली. आमच्या विहारातील तो मुलगा आणि हा न्गिदी यांचे प्रश्न मुळात एकच आहेत. ‘वाच बापू समोर’ हे उत्तर कोलेन्सोसही देता आले असते.

भाषांतराचा येथे उल्लेख झाला, म्हणून पंडिता रमाबाईंविषयी दोन शब्द. रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि ग्रंथ १९२४ साली पूर्णत्वाने बाहेर आला. खेड्यातील स्त्रीस कळेल अशी भाषा हवी आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेले संस्कृत शब्द टाळावेत, असा त्यांचा कटाक्ष होता. मुळाशी एकनिष्ठ राहू पाहणाऱ्या या विदुषीसही शब्दाशब्दाला निवड करावी लागली. आणि निवड म्हटली की अर्थ लावणे आलेच. पालीतील ‘धम्म’, ‘संखार’, ‘विञ्ञाण’ या शब्दांशी झगडणाऱ्या आम्हांस हे स्वानुभवाने ठाऊक आहे. ‘विञ्ञाण’ याचे ‘आत्मा’ असे सुलभीकरण केलेले लेख आम्ही पाहिले आहेत आणि कपाळावर हात मारून घेतला आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. अक्षरार्थ आणि भावार्थ यांचा वाद नुसता पंडिती नसतो, हे अमेरिकेतील गुलामगिरीच्या प्रश्नात उघड झाले. गुलामांचे मालक ‘उत्पत्ति’च्या नवव्या अध्यायाचा आधार देत. नोहाने हामाच्या वंशास दास्याचा शाप दिला, काळे लोक हे हामाचे वंशज, म्हणून त्यांचे दास्य ईश्वरप्रणीत, असा त्यांचा युक्तिवाद. परंतु तो अध्याय उघडून पाहिला तर शाप हामास नाही, त्याच्या कनान या पुत्रास आहे. आणि कातडीच्या रंगाचा तेथे एक शब्दही नाही. म्हणजे अक्षराचा जयघोष करणाऱ्यांनी अक्षरच वाचले नव्हते! ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडेल. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या अमेरिकनांना महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला. दशावतारांच्या कथा त्यांनी अक्षरशः खऱ्या मानल्या नाहीत आणि आध्यात्मिक रूपके म्हणूनही गोंजारल्या नाहीत; त्यांत त्यांनी जिंकणाऱ्यांचा आणि जिंकलेल्यांचा इतिहास शोधला.

म्हणजे येथे तिसरा एक मार्ग दिसतो, आणि तोच पुढे बाबासाहेबांनी प्रशस्त केला. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीस त्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, तेव्हा प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, २५ डिसेंबर रोजी, महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. मनुस्मृतीचा खरा अर्थ निराळा आहे, तीत मागाहून श्लोक घुसडले गेले आहेत, असे सांगणारे विद्वान तेव्हाही होते. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या प्रबंधात बाबासाहेबांनी या मंडळींचा समाचार घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : व्याकरणाने वा तर्काने शास्त्रांचा अर्थ वेगळा निघतो, हे लोकांना सांगून उपयोग नाही, लोकांनी शास्त्रे कशी समजून घेतली आहेत याला महत्त्व आहे, म्हणून शास्त्रांचे प्रामाण्यच नाकारले पाहिजे, जसे बुद्धाने नाकारले. गांधीजींनी ‘हरिजन’मधून उत्तर देताना प्रक्षिप्त भागांचा आणि शाश्वत सत्यांचा मुद्दा काढला, बाबासाहेबांनी तो मानला नाही.

यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. भावार्थ काढून शास्त्र वाचविण्यास आपण विरोध केला. मग तिपिटकाच्या बाबतीत तेच आपण करीत नाही काय? १९५० साली ‘महाबोधी’ मासिकातील लेखात बाबासाहेबांनी बौद्धांसाठी एका ‘बायबल’ची, म्हणजे सर्वांना वाचता येईल अशा एका ग्रंथाची, गरज प्रतिपादन केली. ती गरज पुरविणारा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. १९५९ साली त्याच ‘महाबोधी’त त्यावर कठोर परीक्षण आले, हा बुद्धाचा नव्हे, आंबेडकरांचा धम्म आहे, असा त्याचा सूर होता. या आक्षेपास संतापाने उत्तर देणे सोपे आहे. पालीने उत्तर देणे अधिक उपयोगाचे.

अंगुत्तरनिकायाच्या दुकनिपातात एक लहानसे सुत्त आहे. तथागतावर खोटा आरोप करणारे दोन प्रकारचे लोक तेथे सांगितले आहेत : ज्याचा अर्थ अजून काढावयाचा आहे असे ‘नेय्यत्थ’ सुत्त हे ‘नीतत्थ’, म्हणजे अर्थ स्पष्ट झालेले आहे, असे दाखविणारा, आणि नीतत्थ सुत्त हे नेय्यत्थ म्हणून दाखविणारा. अक्षरार्थाचा दुराग्रह आणि भावार्थाची पळवाट ही दोन्ही येथे एकाच वेळी दोषास्पद ठरविली आहेत. अट्ठकथाकार उदाहरण देतात ते असे की, ‘एक पुद्गल जगात उत्पन्न होतो’ यासारखी वचने नेय्यत्थ, कारण परमार्थाने पुद्गल नाहीच. अनित्य, दुःख व अनात्म सांगणारी वचने नीतत्थ. धर्मग्रंथानेच आपल्या वाचनाच्या दोन्ही बाजूंच्या चुका सांगून ठेवाव्यात, हे धर्मांच्या इतिहासात सहसा आढळत नाही.

महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथे सांगितलेले चार महापदेस आहेतच. हे मी प्रत्यक्ष भगवंताच्या मुखातून ऐकले असे कोणी म्हणाला तरी त्याचे अभिनंदनही करू नये, धिक्कारही करू नये; ते सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावे. मज्झिमनिकायातील अलगद्दूपम सुत्तात अरिट्ठ भिक्खूने उपदेशाचा विपरीत अर्थ केला, तेव्हा शेपटाकडून साप धरणाऱ्या मनुष्याची उपमा आली आहे. हे सुत्त आणि महाकम्मविभंग, कण्णकत्थल, महातण्हासंखय व जीवक ही सुत्ते, अशी पाच उदाहरणे देऊन, बुद्धाच्या हयातीतच त्याच्या वचनांचा विपर्यास होत होता, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे. मग शेकडो वर्षे भाणकांच्या मुखातून आलेल्या वाङ्मयात काय झाले असेल! म्हणून त्यांनी कसोट्या घातल्या : जे बुद्धिसंगत व तर्कसंगत ते बुद्धवचन मानण्यास हरकत नाही, मनुष्याच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही अशा चर्चेत बुद्ध पडला नाही, आणि ज्याविषयी तो निश्चित होता व ज्याविषयी नव्हता, यांत त्याने भेद केला. महापदेसांची कसोटी ग्रंथाशी मेळ घालण्याची आहे आणि बाबासाहेबांची पहिली कसोटी बुद्धीची. या दोन्ही एकच आहेत असे आम्ही म्हणणार नाही. दुसरीचे मूळ कालामांना केलेल्या उपदेशात आहे.

अक्षरार्थाने आमच्याच परंपरेची कशी फसगत झाली, याचे उत्तम उदाहरण दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्त होय. वासेट्ठ व भारद्वाज हे ब्राह्मणकुलातील दोघे संघात आलेले. आपण ब्रह्म्याच्या मुखापासून जन्मलो असे ब्राह्मण म्हणतात, अशी हकिकत ते सांगतात. यावर बुद्ध म्हणतो की, ब्राह्मणांच्या स्त्रिया ऋतुमती होताना, गर्भवती होताना, प्रसूत होताना, स्तनपान करविताना दिसतात. आणि त्यांच्याच योनीतून जन्मलेले हे लोक ब्रह्म्याच्या मुखाची गोष्ट सांगतात! पुरुषसूक्ताचा हा अक्षरार्थ घेऊन केलेला उपहास आहे. त्यानंतर बुद्ध स्वतः सृष्टीच्या उत्पत्तीची एक कथा सांगतो. तेजोमय प्राणी पृथ्वीचा रस चाखतात, लोभी होतात, शेते वाटून घेतात, चोरी सुरू होते, मग लोक आपल्यातून एकास निवडून त्यास राजा करतात, तो महासम्मत. वर्णांची नावे येथे थट्टेच्या व्युत्पत्तीने फोडली आहेत. ‘अज्झायक’ म्हणजे वेदांचे अध्ययन करणारा. परंतु सुत्तात त्याचा अर्थ ‘न झायति’, ध्यान न करणारा, असा लावला आहे. हा विनोद संस्कृतात साधत नाही, भाषांतरात तर मरूनच जातो. रिचर्ड गोम्ब्रिच यांनी १९९२ साली या सुत्तास ‘बुद्धाचे उत्पत्तिपुस्तक?’ असे प्रश्नचिन्हांकित नाव देऊन लेख लिहिला आणि हे वैदिक सृष्टिकथांचे विडंबन आहे, असे साधार मांडले. पण उत्तरकालीन बौद्धांनी काय केले? महासम्मत हा खराच आदिराजा मानून लंकेच्या ‘महावंसा’ने शाक्यांची वंशावळ त्याच्यापर्यंत नेऊन भिडविली. ब्राह्मणांच्या उत्पत्तिकथेची थट्टा करण्यासाठी सांगितलेली कथा आमच्याकडे स्वतःच उत्पत्तिकथा होऊन बसली. यातला विनोद वासेट्ठास कळला असावा. वंशावळकारांस कळला नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. वृद्ध, रोगी, प्रेत व परिव्राजक यांची सविस्तर कथा दीघनिकायाच्या महापदान सुत्तात आहे हे खरे. पण तेथे ती गोतम बुद्धाची नाही, विपस्सी या पूर्वबुद्धाची आहे. गोतमाच्या संदर्भात खुद्दकनिकायातील बुद्धवंसात ‘चार निमित्तां’चा ओझरता उल्लेख येतो; तो ग्रंथ उत्तरकालीन मानला जातो. सर्वपरिचित रूपातील कथा जातकट्ठकथेच्या निदानकथेत, ‘ललितविस्तरा’त आणि अश्वघोषाच्या काव्यात आहे. उलट अंगुत्तरनिकायातील सुखुमाल सुत्तात बुद्ध स्वतः आपल्या तारुण्याविषयी बोलतो, तेव्हा जरा, व्याधी व मरण यांचा तो विचार करतो. रथातून जाऊन ती प्रथमच पाहिल्याचे म्हणत नाही. मध्यरात्रीचे पलायनही मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्ताशी जुळत नाही. तेथे आईवडील रडत असताना त्याने केस काढले व गृहत्याग केला, असे आहे. एकोणतीस वर्षांच्या मनुष्याने तोवर म्हातारा वा प्रेत पाहिले नसेल हे असंभवनीय, असे बाबासाहेब म्हणतात, ते बुद्धीस पटतेच. परंतु पाहा, चार दृश्यांच्या कथेचा अक्षरशः आग्रह धरणाऱ्यांच्या बाजूस निकायांचे अक्षरही नाही. कनानाच्या शापासारखेच हे.

मग रोहिणीचे काय? येथे आम्हांस तितकेच स्पष्ट बोलले पाहिजे. रोहिणीच्या पाण्याचा कलह अट्ठकथांत येतो, पण तो बुद्धत्वप्राप्तीनंतरचा. तेथे बुद्ध जाऊन तो मिटवितो. गृहत्यागाचे कारण म्हणून तो तिपिटकात सांगितलेला नाही. मात्र सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्तात, अल्प पाण्यातील माशांप्रमाणे तळमळणारे आणि परस्परांविरुद्ध उठलेले लोक पाहून आपणांस भय वाटले, असे बुद्धाचे स्वतःचे निवेदन आहे. आपल्या ‘भगवान बुद्ध’ या १९४०-४१ च्या ग्रंथात आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी गृहत्यागाच्या कारणांचा विचार करताना या सुत्ताकडे लक्ष वेधले होते. शस्त्र उचललेली माणसे पाहून आलेला संवेग हे जुने, पक्के अक्षर आहे. त्यास रोहिणीचा प्रसंग जोडणे हे बाबासाहेबांचे अनुमान आहे. साधार, संभाव्य आणि आमच्या मते कथेपेक्षा कितीतरी सरस, तरीही अनुमान.

आणि यातच वर उपस्थित केलेल्या अवघड प्रश्नाचे उत्तर आहे. रूपकवादी मनुष्य ग्रंथातील एकही ओळ सोडीत नाही. न पटणाऱ्या ओळीचा गूढ अर्थ निराळा आहे असे सांगून तो ग्रंथाचे प्रामाण्य जसेच्या तसे राखतो. बाबासाहेब चार दृश्यांना गूढ अर्थ चिकटवीत नाहीत. हे घडलेले नसावे, असे ते उघड म्हणतात. ओरिगेन आणि कोलेन्सो यांच्यात जो फरक, तोच येथे आहे. आणखी असे की, गृहत्याग, आर्यसत्ये, कर्म व पुनर्जन्म, आणि भिक्खूसंघाचे प्रयोजन, हे चार प्रश्न प्रास्ताविकात मांडताना, वाचकांनी त्यांच्या उकलीस हातभार लावावा, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली आहे.

पुनर्जन्माच्या बाबतीत हे काम सर्वांत कठीण आहे. निकायांत परलोकाची आणि पुढील जन्माची वचने इतक्या ठिकाणी आहेत की ती सरसकट नेय्यत्थ म्हणून बाजूस सारणे, हा दुकनिपाताने सांगितलेला दुसऱ्या प्रकारचा दोष ठरेल. बाबासाहेबांनी आत्म्याचे संक्रमण नाकारून महाभूतांच्या पुनर्घटनेचा अर्थ पुढे ठेवला. अनात्मवादाच्या नीतत्थ वचनांशी तो सुसंगत आहे, परंतु पुष्कळ सुत्तांच्या शब्दांशी त्याचा मेळ बसत नाही, हे आम्ही विद्यार्थ्यांना वर्गात सांगतो. काहींना ते रुचत नाही. एका कार्यकर्त्याने तर आम्ही विरोधकांच्या हाती कोलीत देत आहोत, असे सुनावले. ज्या विद्यार्थ्याने उद्या स्वतः मज्झिमनिकाय उघडावयाचा आहे त्याच्यापासून काय लपविणार?

पुढच्या रविवारी आम्ही त्याच विहारात गेलो आणि वरील सुत्तांची माहिती सर्वांसमोर ठेवली. वृद्ध उपासक शांतपणे ऐकत होते. आम्हांस भय होते की त्यांस राग येईल. शेवटी त्यांनी विचारले, “म्हणजे सर, चार दृश्यांची ते गोठ दुसऱ्याच बुद्धाची हाये?” आम्ही होय म्हटले. त्यांनी ते सुत्त कोठे वाचावयास मिळेल, अशी चौकशी केली. राहुल सांकृत्यायन व जगदीश काश्यप यांचे १९३६ चे हिंदी दीघनिकाय आमच्याजवळ होते, ते आम्ही दिले. हिंदी वाचताना डोळ्यांस त्रास होतो, म्हणून त्यांनी तो ग्रंथ त्या मुलाच्या हाती दिला आणि महापदान सुत्त मोठ्याने वाचावयास सांगितले. त्या दिवशीचे ठरलेले वाचन तेवढे राहून गेले.